मदत हवी आहे: अर्थमंत्र्यांचं ९९ टक्क्यांचं गणित कोणी समजावेल का?

राम राम मंडळी, अमळनेरहून लिहितोय. पुतणीच्या कॉलेजात वादविवाद आहे, विषय २०२५-२६ चं केंद्राचं बजेट आणि तिच्या वाट्याला नेमकी सरकारची बाजू आली, म्हणजे निर्मला सीतारामन यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकसभेत जो बचाव केला तोच हिने करायचा. आता काका बी.कॉम. म्हणून सगळं माझ्या गळ्यात, अन् माझं बी.कॉम. होऊन वीस वर्षं झाली भाऊ.

मुद्दा असा की त्या म्हणाल्या, आम्ही जे कर्ज काढतो त्यातलं जवळपास ९९ टक्के भांडवली खर्चात (म्हणजे रस्ते, रेल्वे अशी टिकाऊ मालमत्ता उभारण्यात) जातं. पण तूट, म्हणजे कर्ज काढून भरायची रक्कम, आहे १५.६९ लाख कोटी आणि थेट भांडवली खर्च ११.२१ लाख कोटीच दिसतो, मग राज्यांना वगैरे मालमत्ता उभारायला दिलेलं अनुदान धरून तो १५.४८ लाख कोटी होतो, तेव्हा कुठे हिशोब जुळतो. हे अनुदान केंद्राच्या खात्यात महसुली खर्च (पगार, व्याजासारखा चालू खर्च) असतं ना? मग असं मोजणं बरोबर का? समोरची टीम हेच विचारणार, वर १२.७६ लाख कोटी नुसतं व्याजात जातं हेही काढणार.

दुसरं, कापसासाठी पाच वर्षांचं मिशन जाहीर झालं होतं ते आपल्याकडे मांडायला भारी आहे, पण आमचे आप्पा म्हणतात मिशन राहू दे, कापसाच्या भावाचं बोल. त्यावर काय उत्तर द्यावं?

कोणी अर्थशास्त्रवाले असतील तर सोप्या भाषेत सांगा, स्पर्धा शनिवारी आहे.