मदत हवी आहे : गोधडी मधोमध फुगतेय, दोनदा उसवून झाली

तीन_नातवंडं
नमस्कार. गोधडी शिवते आहे आणि मधोमध फुगा येतोय. दोनदा उसवली, तिसऱ्यांदा घातली तर फुगा आधीपेक्षा मोठा. कापड जुनं आहे, आता परत उसवायची भीती वाटते. रविवारी लेक येतेय, तोवर निदान एक तरी पुरी व्हायला हवी. फुगा कशाने येतो आणि आता काय करू, लगेच सांगा. यूट्यूब बघून झालं. तिथे सगळे नवं कापड घेऊन मशीनवर दाखवतात, त्याचा मला उपयोग नाही.

धावदोरा
ताई, हाताने घालताय की मशीनवर? आकार केवढा? थर किती, आणि आत काय घातलंय? सुरुवात कुठून केलीत? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार. फोटो टाकता आला तर टाका.

ठाणे_शिवणकाम
मशीनवर घाला, रविवारपर्यंत एक काय दोन होतील. मी नातीची अडीच दिवसांत केली. सुई १८ नंबरची लावायची, टाका मोठा ठेवायचा आणि वॉकिंग फूट बसवायचा (फूट म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय). साध्या फूटवर घालू नका. खालचे दाते फक्त खालचं कापड ओढतात, वरचं फूटखाली अडतं आणि पुढे सरकत जातं, मग हमखास चुण्या पडतात. वॉकिंग फूट वरूनही कापड ओढतो.

कृष्णाकाठ
त्यांनी "मशीनवर नको" असंच लिहिलंय की. आमच्या सांगलीकडे हिला वाकळ म्हणतात. आई दर उन्हाळ्यात दोन घालायची. माझा एकच प्रश्न : चारी कडा आधी शिवून घेतल्यात का? घेतल्या असतील तर फुग्याचं कारण तेच.

तीन_नातवंडं
हातानेच घालते आहे. मशीन आहे घरात, पण या कापडावर मला मशीन चालवायची नाही. सासूबाईंची दोन लुगडी आहेत, इरकली. त्या गेल्यावर सात वर्षं मी ती तशीच ठेवली. माझ्या दोन्ही मुलांना त्यांनी हाताने गोधड्या घालून दिल्या होत्या, मुलाची अजून वापरात आहे. आता नातवंडं तीन आणि लुगडी दोन. एका लुगड्याचे चार तुकडे केले, पावणेसात फुटांचे, म्हणजे एकूण आठ. तिघांना वर एकेक तुकडा आणि बाकीचे पाच आत वाटून. सर्वात खाली मांजरपाट, ते नवं आणलं.

हो, कडा आधी शिवल्या. कडा नाही शिवल्या तर थर जागेवर राहणार कसे?

कृष्णाकाठ
थर टाचून राहतात, कडेने नाही. कडा बंद केल्या की कापडाला पळायला वाट उरत नाही. हाताने टाका घालताना कापड दर टाक्याला किंचित पुढे ढकललं जातं. सगळीकडून थोडंथोडं आत सरकतं आणि मधे येऊन गोळा होतं. मधून सुरू करून बाहेर जायचं, कडा सर्वात शेवटी.

हल्याळ_मास्तर
मी याच्याशी सहमत नाही. माझी नोकरी कर्नाटकात, हल्याळ तालुक्यात झाली. तिथे, तसंच येल्लापूर-मुंडगोडकडे सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कौदी घालतात, म्हणजे तुकड्यांची गोधडी. त्या कोपऱ्यापासून, कडेकडेने सुरू करतात आणि फिरत फिरत मध्यावर येऊन संपवतात. चारी कोपऱ्यांना कापडाची घडी घालून त्रिकोण लावतात, त्याला फुला म्हणतात. त्यांच्या कौदीत फुगा आलेला मी एकदाही पाहिला नाही. तेव्हा कडेपासून सुरू केलं म्हणून फुगा आला, हे बरोबर नाही.

कृष्णाकाठ
मास्तर, आईने चाळीस वर्षं वाकळा घातल्या. मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय.

हल्याळ_मास्तर
मीही डोळ्यांनीच बघितलंय.

धावदोरा
दोघांचंही खरं आहे, पण दोन वेगळ्या रीती आहेत. कौदीत वरचा थर अखंड नसतो. लहान लहान तुकडे एकेक करून ठेवायचे, कडा आत दुमडायची, शिवायचं, मग पुढचा तुकडा. कापड सरकलं तरी ते पुढच्या तुकड्याच्या दुमडीत जिरतं. म्हणून कडेकडून आत येता येतं. ताईंचा वरचा थर म्हणजे अखंड लुगडं. ते चारी बाजूंनी बंद केल्यावर जास्तीचं कापड जाणार कुठे?

ताई, अजून दोन गोष्टी सांगा. मांजरपाट धुऊन घेतलं होतं का? आणि गोधडी पसरलेलीच ठेवता, की रोज उचलता?

डिचोलीची_वैनी
गोव्यातसुद्धा वाकळच म्हणतात. मला वाटायचं शब्द आमचाच.

नाशिककर_६१
वाकळ आणि गोधडी एक नव्हे. आमच्याकडे चिंध्यांची जाडजूड, शेतावर न्यायची ती वाकळ. घरातली, नीट पट्टी लावलेली ती गोधडी.

कृष्णाकाठ
आमच्याकडे तीच पाहुण्यालाही देतात आणि शेतावरही नेतात, आणि तिला वाकळच म्हणतात. वाकळ म्हणजे हलकी, असं काही नाही.

नाशिककर_६१
हलकी म्हटलेलं नाही. जाडजूड म्हटलंय.

न्यूजर्सी_आजी
नातवंडं केवढी आहेत? वर्षाच्या आतलं कोणी असेल तर झोपेत अंगावर गोधडी नको. इथे नातू झाला तेव्हा दवाखान्यातून घरी सोडण्याआधीच आम्हाला सांगितलं होतं : पाळण्यात उशी, पांघरूण, गोधडी काहीही ठेवायचं नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा सल्ला तोच आहे. पांघरूण नाकातोंडावर आलं तर तान्ह्या बाळाला ते बाजूला करता येत नाही.

नाशिककर_६१
आपण सगळे दुपट्यात आणि गोधडीतच वाढलो ना? आजीच्या हाताची ऊब आता धोक्याची ठरवायची का?

न्यूजर्सी_आजी
ऊब नको असं मी म्हणत नाही. मीही दुपटं घातलं आणि वर्षभर ते मांडीवर घेताना, जमिनीवर पालथं खेळवताना वापरलं. बाळ एकटं झोपलेलं असताना नको, इतकंच. वाढलो ते आपण सांगतो. ज्या घरात वाईट झालं ते लोक असं सांगायला येत नाहीत.

तीन_नातवंडं
धाकटा पाच महिन्यांचा आहे, लेकीचा. हे मला माहीत नव्हतं. लेकीशी बोलते. त्याची घालणार तर आहेच, वर्षाचा झाला की पांघरेल.

मांजरपाट धुतलं नव्हतं. दुकानातून आणलं तसंच घातलं. आणि हो, रोज उचलावी लागते. हॉल दुपारी दीड ते चार एवढाच मोकळा मिळतो. सून आतल्या खोलीत काम करते, तिच्या मीटिंगा चालू असतात. चार वाजता मोठी नात शाळेतून येते, दफ्तर टाकते आणि तिथेच लोळते. मग मी घडी घालून दिवाणात ठेवते. ह्यांनाही संध्याकाळी बातम्यांना तीच जागा लागते. पण घडी नीट घालते, चुरगळत नाही. दुसऱ्यांदा उसवल्यावर पाणी शिंपडून कडक इस्त्रीही केली. तरीही तिसऱ्यांदा जास्तच फुगली, म्हणून तर इथे विचारलं.

धावदोरा
सापडलं. इस्त्रीमुळेच तिसऱ्यांदा जास्त फुगली. मांजरपाटात खळ असते आणि कोरं सुती कापड पहिल्या पाण्याला आटतं. तुमचं शिंपडलेलं पाणी हेच त्याचं पहिलं पाणी. खालचं आटलं. वरचं लुगडं शेकडो वेळा धुतलेलं, ते आटणार नाही. मग वर कापड जास्त झालं आणि ते मधे उभं राहिलं. त्यात रोजच्या घडीने थर सरकतात ते वेगळंच. कच्चा दोरा, म्हणजे थर धरून ठेवणारे तात्पुरते मोठे टाके, नसेल तर कितीही हलक्या हाताने घडी घाला, थर सरकणारच.

इरकलीचा पदर वर घेतलाय का? पदराला रेशीम किंवा रेयॉन असतं आणि अंगाला सूत. दोन्ही पाण्याला वेगवेगळी वागतात. पदर जिथे जोडलेला असतो तिथे जाडीही येते. तो जोड मधोमध येऊ देऊ नका, कडेला घ्या.

नदीकाठ
गोधडी धुताना मशीनमध्ये टाकू नये. रात्रभर भिजवून हलकं आपटायचं. दोरीवर लटकवू नये, पाण्याच्या वजनाने टाके ओढले जातात. गच्चीवर चादर अंथरून आडवी वाळवावी. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या निघायच्या, नदीवर सकाळी जायचं ते दुपार टळून गेल्यावर यायचं. भाकरी बांधून नेत होतो. आता नदीला तेवढं पाणीच नसतं.

ठाणे_शिवणकाम
ताईंची अजून शिवूनच झालेली नाही.

नदीकाठ
पुढे लागेल म्हणून सांगितलं.

तीन_नातवंडं
मग आता सगळं उसवू का? कापडाला सुईची भोकं दिसताहेत. एका जागी बोटाएवढं विरलंय. मला रडू येतंय, खरंच. हे कापड परत कुठून आणू?

कृष्णाकाठ
ताई, घाबरू नका. सगळं उसवायचं नाही. एक लांब कड आणि तिला लागून असलेली एक आखूड कड, एवढ्याच उसवा. मग मधले टाके काढा. बंद कोपऱ्याकडून उघड्या कोपऱ्याकडे तळहाताने कापड सारत न्या. जास्तीचं सगळं उघड्या कडांतून बाहेर येईल. तेवढं कापून पट्टी लावा.

धावदोरा
एरवी हे चाललं असतं. पण आटलेलं मांजरपाट अजून पुरतं आटलेलं नाही, पहिल्या धुण्यात पुन्हा आटेल. ते वेगळं काढून रात्रभर पाण्यात ठेवावंच लागेल. तेव्हा चारी कडा उसवा, पण कात्रीने दोरा तोडत. ओढून काढू नका, जुनं सूत ओढण्यानेच फाटतं.

भोकांची काळजी नको. सुती कापड ओलं करून नखाने आडवं-उभं हलकं घासलं की सूत जागेवर येतं, एका धुण्यात दिसेनाशी होतात. विरलेलं पाहायचं तर कापड खिडकीच्या उजेडाकडे धरा. जिथून चांदण्या दिसतात तो भाग आतल्या थरात घाला. नऊवारी बसण्याच्या जागी आधी विरते, काठाजवळ आणि पदराजवळ टिकते.

मग असं करा. खाली मांजरपाट, धुऊन इस्त्री केलेलं. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा, पाटा, वरवंटा, डबे, जे असेल ते. कापड ताणायचं नाही, नुसतं सपाट. एकेक थर टाकताना मधून बाहेर हात फिरवा. मग मोठ्या टाक्यांनी कच्चा दोरा घाला : मधून आधी अधिकचं चिन्ह, मग तिरके दोन, मग एकेका वितीवर. हे एका दुपारीत होतं. एकदा टाचली की रोज घडी घाला, चालेल. त्यातही घडीपेक्षा गुंडाळी बरी.

पक्का धावदोरा घालताना गोधडीवरच बसा. आपल्या वजनाने थर हलत नाहीत, जुन्या बायका त्यासाठीच वर बसायच्या. ओळी सरळ हव्या असतील तर खडू लावलेल्या दोरीने सूत मारून घ्या. दोरा मेणबत्तीवरून ओढून घेतला तर गुंता होत नाही.

हल्याळ_मास्तर
विरलेल्या जागेवर एक सुचवतो. तिथे वरून चौकोनी तुकडा ठेवून शिवा. पदराचा उरलेला तुकडा घेतलात तर ठिगळ वाटणार नाही, नक्षी वाटेल. आणि कोपऱ्यांना फुला लावून बघा, मुलांना आवडतो.

ठाणे_शिवणकाम
मी अजूनही म्हणते, वरचं लुगडं हाताने घाला, पण कडेची पट्टी तरी मशीनवर मारा. तेवढे दोन दिवस वाचतील.

तीन_नातवंडं
शुक्रवार. मांजरपाट धुतलं तर लांबीला जवळजवळ चार बोटं कमी भरलं. बघून थक्क झाले. काल सुनेने सुट्टी घेतली आणि आम्ही दोघींनी मिळून टाचली. तिला सुईत दोरा ओवायलाही येत नव्हता, आता दोन तिरक्या ओळी तिच्या हातच्या आहेत. नात आल्यावर तिलाही बसवलं गोधडीवर, वजन म्हणून. तिने विचारलं, ही पणजीची साडी का? हो म्हटलं. तर नाक लावून वास घेत बसली.

फुगा नाही. मधून बाहेर अकरा ओळी झाल्या आहेत. विरलेल्या जागी पदराचा लाल चौकोन लावला. पट्टी मात्र हातानेच लावणार, ठाण्याच्या ताईंनी राग मानू नये.

रविवारी पुरी होईल असं वाटत नाही. लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, अर्धीच दाखव, उरलेल्या ओळी मी घालते. धाकट्याचं तिला सांगितलं. ती म्हणाली तिच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलंय, मलाच कसं सांगायचं म्हणून गप्प होती.

कृष्णाकाठ, धावदोरा, मास्तर, सगळ्यांचे मनापासून आभार.

कृष्णाकाठ
फार बरं वाटलं. पुरी झाली की फोटो टाका.

न्यूजर्सी_आजी
तुमच्या मुलाची जुनी गोधडी आहे तिचाही टाका. सासूबाईंचा टाका केवढा होता ते बघायचंय.

तीन_नातवंडं
आत्ताच मोजला. तांदळाच्या दाण्याएवढा. माझा गव्हाएवढा येतोय.

पहिलीच_गोधडी
धागा वाचला, मलाही घालायची आहे. माझ्याकडे आईच्या सहावारी आहेत, त्यातल्या काही सिंथेटिक. एका साडीत किती थर होतात? सिंथेटिक आत चालेल का?

धावदोरा
सहावारी साधारण अठरा फूट आणि पन्हा पंचेचाळीस इंच, म्हणजे सहा फुटी गोधडीचे तीन थर एका साडीत. सिंथेटिक नको. सुई अडते, थर निसटतात आणि अंगाला घाम येतो. सुती किती आहेत, आणि कोणासाठी घालताय?