‘ऑर्थोगोनल’ उपवाहक : लंब, काटकोनी की परस्पर-अबाधक?

गोदाकाठ :
नाशिकमधील तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांसाठी चौथ्या व पाचव्या पिढीच्या मोबाइल जाळ्यांवर मराठी टिपण लिहीत आहे. दोन्ही पिढ्यांचा पाया असलेल्या ओएफडीएम तंत्रात डेटा अनेक अरुंद उपवाहकांवर (सबकॅरिअर, म्हणजे डेटा वाहून नेणाऱ्या वेगवेगळ्या वारंवारतांच्या लहरींवर) वाटून पाठवतात. एलटीईच्या, म्हणजे चौथ्या पिढीच्या जाळ्याच्या, २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे १,२०० उपवाहक १५ किलोहर्ट्झच्या अंतराने बसतात. हे उपवाहक परस्परांना ‘ऑर्थोगोनल’ (शब्दशः काटकोनी) असतात. तिथे ‘लंब’ लिहिले, की मुले वहीत दोन लहरी काटकोनात छेदणाऱ्या काढतात. दुसरा शब्द सुचवावा.

सातपूरकर :
टॉवरच्या कामात आम्ही ‘ऑर्थोगोनल’च म्हणतो. एका उपवाहकाचे शिखर जिथे येते, नेमके तिथे बाकी साऱ्यांचे मूल्य शून्य असते. म्हणून त्यांचे पट्टे एकमेकांवर चढले तरी फोनला ते वेगळे काढता येतात. मराठीच हवे असेल तर ‘परस्पर-अबाधक’ लिहावे.

निवृत्त गणितशिक्षक :
असहमत. बाधा न होणे हा परिणाम आहे, व्याख्या नव्हे. दोन लहरींचा गुणाकार करून एका सिम्बॉलच्या (एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याच्या) उपयुक्त कालावधीभर त्याची बेरीज घेतली की शून्य येते, आणि दोन सदिश लंब असतात तेव्हाही हेच घडते. तो कालावधी एलटीईत सुमारे ६६.७ मायक्रोसेकंद आहे आणि त्याचा व्यस्त म्हणजेच आपले १५ किलोहर्ट्झ. मुलांना हे शिकवावे. शब्द बदलून अडचण झाकू नये.

पंचवटीकर :
आमच्या घरात तीन पिढ्या बांधकामाचा व्यवसाय आहे. भिंत काटकोनात नसली की गवंडी ‘गुण्यात नाही’ म्हणतो. हा गुण्या फारसीमार्गे आलेला ग्रीक ‘गोनिया’, आणि ‘ऑर्थोगोनल’मधला ‘गोन’ही तोच. इतका रुळलेला शब्द असताना ‘परस्पर-अबाधक’ कशाला घडवायचा?

सातपूरकर :
व्युत्पत्ती सुंदर आहे, परंतु गुण्याने मुलांच्या डोळ्यांपुढे पुन्हा काटकोनच उभा राहील.

शब्दवेडी :
माझा आक्षेप ‘उपवाहका’वरच आहे. ‘वाहक’ म्हटले की एसटीचा कंडक्टर आठवतो. भौतिकशास्त्रातही तांब्याची तार वाहकच. ज्या टिपणात ‘अर्धवाहक’ म्हणजे सेमीकंडक्टर येणार, तिथेच कॅरिअरलाही वाहक म्हणणे विद्यार्थ्यांवर अन्याय आहे. ‘कॅरिअर’ आणि ‘सबकॅरिअर’ देवनागरीत सरळ लिहावेत.

निवृत्त गणितशिक्षक :
मग मराठी टिपणात क्रियापदांखेरीज मराठी काय उरेल? संदर्भाने अर्थ कळतो. रोगाचा ‘वाहक’ डास वाचताना कोणालाही एसटी आठवत नाही.

शब्दवेडी :
डास आणि एसटी एकाच परिच्छेदात येत नाहीत; कॅरिअर आणि सेमीकंडक्टर येतात.