मदत हवी आहे: पायथनमधून एक्सेलमध्ये लिहिलेली तारीख साडेपाच तास मागे जाते

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा. लासलगाव, पिंपळगाव बसवंत भागातल्या कांदा व्यापाऱ्यांची हिशोबाची छोटी-मोठी सॉफ्टवेअरची कामं करतो. त्यातल्या एका पेढीवर काट्याचं वजन आणि लिलावाचा भाव पायथनमधून थेट एक्सेलच्या फाईलमध्ये जातो. फाईल दिवाणजींनी वर्षानुवर्षं वाढवत नेलेली आहे, मॅक्रो आणि फॉर्म्युल्यांनी गच्च भरलेली. म्हणून बाहेरून फाईल लिहायच्या भानगडीत न पडता पायविन३२ (पायथनची विंडोजसाठीची लायब्ररी) मधल्या विन३२कॉमने चालू एक्सेलकडूनच काम करून घेतो.

अडचण अशी. सेलच्या व्हॅल्यूला १ जानेवारी २०२६ चा साधा डेटटाइम (पायथनमधली तारीख-वेळ) दिला, तर सेलमध्ये ३१-१२-२०२५ दिसतं. एक्सेल तारीख आतून दिवसांच्या आकड्यात ठेवतं; फॉरमॅट जनरल करून पाहिलं तर तो आकडा ४६०२२.७७०८३३. हवा होता ४६०२३. फरक ०.२२९१६७ दिवसांचा, म्हणजे बरोब्बर साडेपाच तास. मध्यरात्रीचे बारा आदल्या संध्याकाळचे साडेसहा झाले, आणि फॉरमॅट फक्त तारखेचा असल्यामुळे वेळ कुणाच्या नजरेलाच पडत नाही.

हे किरकोळ नाही. शेतकऱ्याच्या हातातल्या काटापट्टीवर एक तारीख आणि पेढीच्या वहीत आदल्या दिवसाची. महिन्याच्या एक तारखेच्या पट्ट्या सरळ मागच्या महिन्याच्या बेरजेत जाऊन बसतात. ज्याचा माल विकला गेलाय, त्याला पैशाच्या हिशोबात "कॉम्प्युटरमुळे झालं" असं ऐकवायची वेळ येता कामा नये.

कारण मला असं सापडलं: आपण दिलेल्या डेटटाइमला टाइमझोन नसतो. लायब्ररी त्याला मशीनची स्थानिक वेळ समजते आणि कॉमकडे (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून काम करून घ्यायची विंडोजची सोय) पाठवताना यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत बदलते. पण कॉमच्या तारखेत टाइमझोन ठेवायला जागाच नाही, तो नुसता एक आकडा. एक्सेल तो आहे तसा घेतं. वाचताना आणखी निराळी तऱ्हा. एक्सेलमधली स्थानिक वेळ यूटीसीचा शिक्का मारून परत येते. ती भारतीय वेळेत बदलायला गेलात की साडेपाच तास पुढे, आणि साध्या डेटटाइमशी आधीची-नंतरची अशी तुलना केलीत की टाइपएरर. ज्या मशीनचं घड्याळ यूटीसीवर आहे तिथे यातलं काहीच दिसत नाही, म्हणून चाचणीत हे निसटतं.

आत्तापर्यंतचे तोडगे सांगतो. साडेपाच तास मिळवून लिहिणं मी सुरुवातीलाच बाद केलं. मशीनची सेटिंग बदलली की तेच उलटं अंगावर येतं. तारीख मजकूर म्हणून द्यायलाही मन धजत नाही, कारण ०५-०१ ची पाच जानेवारी होईल की एक मे, याची खात्री कोण देणार? सध्या लिहिण्याआधी रिप्लेस वापरून टीझेडइन्फोला (डेटटाइममधली टाइमझोनची जागा) यूटीसी लावतो आणि वाचल्यावर तोच काढून टाकतो. हे चालतंय. दुसरा मार्ग म्हणजे ३० डिसेंबर १८९९ पासूनचे दिवस मोजून तो आकडाच व्हॅल्यू२ मध्ये (सेलची किंमत, तारखेत न बदलता नुसत्या आकड्यात) लिहायचा आणि नंबरफॉरमॅट वेगळा द्यायचा. मला हा जास्त पक्का वाटतो, कारण यात लायब्ररीच्या तारखेच्या रूपांतराशी संबंधच येत नाही. फक्त फाईल १९०४ च्या तारीखपद्धतीची असेल तर १४६२ दिवसांचा फरक पडतो, तेव्हा फाईलची डेट१९०४ ही सेटिंग आधी तपासावी लागेल. मोठ्या फाईलवर, हजारो ओळींची रेंज एकदम लिहिताना, यातलं काय कुणी रोज वापरतंय का?

खरा अडलोय तो जुन्या नोंदींपाशी. नुसत्या तारखेचा कॉलम सोपा आहे: चुकलेल्या आकड्याला ०.७७०८३३ चं शेपूट असतं आणि दिवाणजींनी हाताने भरलेला आकडा पूर्णांक असतो. राउंड केलं की दोन्ही जागेवर येतात (इंट नको, तो चुकीचाच दिवस कायम करतो). लिलावाची वेळही ओळखू येते, कारण पहाटे चारला लिलाव होत नाही, ते साडेनऊच. पण गाडीच्या आवकेची वेळ? ट्रॅक्टर आणि पिकअप अंधारातच येऊन रांगेत लागतात. तिथला ४:०० हाताने भरलेला खरा चार आहे की प्रोग्रॅमने मागे ढकललेला साडेनऊ, हे आकड्यावरून कळत नाही. प्रोग्रॅमचा लॉग सगळ्या दिवसांचा शिल्लक नाही.

सेल हाताने भरला की ऑटोमेशनने, याची काही खूण एक्सेल फाईलमध्ये राहते का? नसेल, तर काटापट्टीच्या क्रमांकाचा क्रम धरून आवकेची वेळ पडताळायचा विचार आहे: आधीच्या आणि नंतरच्या पट्टीच्या मध्ये जी वेळ बसेल ती खरी. पण उशिरा आलेली गाडी कधी आधी काट्यावर जाते, तेव्हा हे कितपत धरून चालावं? असं काम कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. कोडचा तुकडा हवा असल्यास खाली देतो.