मुलीचा घसा दुखतो आहे. घरातल्या शिल्लक गोळ्या द्याव्यात का?

परळवासी:
विसर्जनापासून आमच्या चाळीत घरोघरी सर्दी-खोकला चालू आहे. माझ्या 9 वर्षांच्या मुलीला मात्र खोकला नाही, नाकही वाहत नाही. परवापासून घसा दुखतो, घोट गिळवत नाही आणि ताप 101 अंशांपर्यंत चढतो. तिच्या दादाच्या अझिथ्रोमायसिनच्या काही गोळ्या घरात उरल्या आहेत आणि त्याच द्याव्यात, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. काय करावे?

गिरगावकर:
मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि हळदीचे दूध द्यावे, थंड पूर्ण बंद करावे. घसा आठवडाभरात आपोआप बरा होतो.

निवृत्त परिचारिका, शीव:
बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे होते आणि तिच्यावर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग नसतो, हे खरे. पण अशा दुखण्यात सहसा खोकला, सर्दी किंवा बसलेला आवाज सोबत असतो. 5 ते 15 वर्षांच्या मुलाला यांपैकी काहीच नसून ताप असेल, जबड्याखालच्या गाठी दुखत असतील आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसत असतील, तर स्ट्रेप्टोकोकस जिवाणूची शंका घ्यावी लागते. त्यावर वेळेत उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. आपल्याकडे हा आजार अजून संपलेला नाही, म्हणून मी इतके लिहिते आहे. उरलेल्या गोळ्यांनी मात्रा अपुरी पडते आणि नंतर घशाच्या स्वॅबमध्येही जिवाणू सापडेनासा होतो. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा बालरोगतज्ज्ञांना उद्याच घसा दाखवा. पेनिसिलिन वा अमॉक्सिसिलिन लिहून दिले, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटले तरी पूर्ण 10 दिवस द्यावे. तोवर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल चालेल, ॲस्पिरिन मुळीच नको. गुळण्यांना हरकत नाही, मात्र त्याने जिवाणू जात नाहीत. थंडाचा धाक तर उगाचच. गार पेयाने उलट दुखणे थोडे बधिर होते.

मुलुंडकर:
लाळ गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल, श्वास घेताना आवाज येत असेल किंवा घशात करड्या रंगाचा चिकट पापुद्रा दिसत असेल, तर उद्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. पापुद्रा घटसर्पाचा असू शकतो. पाचव्या-सहाव्या वर्षाची बूस्टर लस झाली आहे ना, तेही कार्डावर पाहून घ्या.

परळवासी:
बूस्टर झालेली आहे. सकाळी दवाखान्यात नेते. शाळेत कधी पाठवावे?

निवृत्त परिचारिका, शीव:
स्ट्रेप्टोकोकस निघाला, तर प्रतिजैविक सुरू होऊन 24 तास झाल्यावर आणि ताप उतरल्यावर. तोवर तिचा पेला-चमचा दादापासून वेगळा ठेवा.