गोरं दिसायच्या नादात काय काय केलंत? अनुभव लिहा

गुलबक्षी: काल लेकीला (वय ११) वाढदिवसाला काय हवं विचारलं तर म्हणाली रेटिनॉल सीरम. शाळेत सगळ्या तेच बोलतात म्हणे. मला एकदम १९९७ आठवलं. पाहुणे बघायला येणार म्हणून काकूने तुळशीबागेतून गोरेपणाची ट्यूब आणलेली, दोनदा लाव, कार्यक्रमापर्यंत फरक पडेल. जाहिरातीत ती चेहऱ्यांची पट्टी असायची ना, सावळ्यापासून गोऱ्यापर्यंत, मी महिनाभर आरशात बघत होते आपण कितव्या नंबरवर. काकूने मायेनेच केलं सगळं, तेच जास्त लागतं अजून. सुरकुत्यांसाठीचं औषध ११ वर्षांच्या पोरीला कशाला हवं? तुमचंही लिहा.

निवडुंग: सेम!! 'फेअर अँड लव्हली'चं २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झालं तेव्हा वाटलं सुटलो एकदाचं. आता सगळीकडे ब्राइटनिंग. शब्द बदलला, बघायची नजर तीच. पोळ्या राहिल्यात, नंतर लिहिते

पेठकरीण: लग्नात पार्लरवालीने माझ्या रंगापेक्षा दोन शेड उजळ फाउंडेशन थापलं, मी म्हटलं अहो मान बघा, तर म्हणे फोटोत छान येतं. अल्बममध्ये चेहरा एकीचा आणि हात दुसरीचे. सासूबाई अजून सगळ्यांना तोच अल्बम दाखवतात, मला बघवत नाही

चाफा: बहिणीचं सांगते. मैत्रिणीने सुचवलं म्हणून मेडिकलमधून एक ट्यूब आणली, आठ दिवसांत चेहरा उजळला, सगळे विचारायला लागले काय लावतेस, मग दोन वर्षं लावतच राहिली आणि बंद केली की चेहरा लालबुंद, पुरळ, गॅसजवळ उभं राहवेना. स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूब बघितल्या बघितल्या सांगितलं यात स्टेरॉइड आहे. २०१८ पासून असली मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत तरी तिला कुणी चिठ्ठी विचारली नाही. बरं व्हायला वर्ष गेलं. प्लीज कुणी असलं काही लावत असाल तर डॉक्टरांना दाखवा, एकदम बंद पण करू नका

गुलबक्षी: @चाफा बापरे. आता कशी आहे ती?

चाफा: बरी आहे ग, उन्हाला मात्र घाबरते

सदाफुली: सनस्क्रीनचं पण तसंच, एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी (उन्हातले त्वचा भाजणारे किरण) अडवतं आणि ५० साधारण ९८, त्या एका टक्क्यासाठी आपण दुप्पट पैसे मोजायचे आणि मग महाग म्हणून वाटाण्याएवढंच लावायचं! मी साधंच आणते, भरपूर लावते, वर स्कार्फ बांधून गाडीवर निघते

रातराणी: तुळशीबागेवरून आठवलं, शनिवारी गाडी कुठे लावता ग?

पेठकरीण: बाबू गेनूला मिळाली तर मिळाली, नाहीतर बसने ये सरळ

निवडुंग: आले. माझ्या आजीने आयुष्यात फक्त काजळ घातलं, तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी ठेवून घरीच धरायची. काळीसावळी होती आणि काय देखणी दिसायची

रातराणी: आमच्याकडे त्यात कापूर घालायचे, डोळे गार पडायचे. तुमच्याकडे?

निवडुंग: हो, चिमूटभर भीमसेनी