मदत हवी आहे: क्वार्टरबॅक स्वस्त असताना फ्री एजन्सीत किती खर्च करावा?

एनएफएलचं (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या पगारखर्चाची वार्षिक मर्यादा, समजणाऱ्यांना विचारतोय. संघ न्यू इंग्लंड पॅट्रियट्स. आमचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) ड्रेक मे 2024 च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड), म्हणजे 2027 पर्यंत पहिला करार आणि 2028 चा पर्याय संघाच्या हातात. तोवर तो बाजारभावाच्या मानाने खूपच स्वस्त. म्हणून 2025 मध्ये फ्री एजन्सीत (करार संपलेल्या खेळाडूंचा खुला बाजार) मिल्टन विल्यम्सला 4 वर्षांसाठी 10.4 कोटी डॉलर दिले, ते मला मनापासून पटलं. 2021 मध्येही संघाने असाच हात सैल सोडला होता. मॅथ्यू जूडन फळला, जॉनू स्मिथ नाही.

साइनिंग बोनस जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागता येतो, खेळाडूला आधी काढलं तर उरलेला भाग डेड मनी म्हणून कॅपवर येतो, एवढं वाचून झालंय. कॉम्पेन्सेटरी पिकचे (फ्री एजन्सीत खेळाडू गमावल्याबद्दल मिळणारी जादा ड्राफ्ट निवड) नियमही माहीत आहेत. ‘ड्राफ्टमधूनच संघ घडतो’ हे उत्तर कृपया नको. ईगल्सने 2024 मध्ये सॅक्वॉन बार्कलीला 3 वर्षांसाठी 3.775 कोटी देऊन, त्याच हंगामात सुपर बोल जिंकला.

अडलंय ते इथे: आज बोनस लांबवला तर त्याचे हप्ते ड्रेक मेच्या पुढच्या मोठ्या करारावर येऊन आदळतील. पण कॅप दरवर्षी वाढतं (2024 मध्ये 25.54 कोटी, 2025 मध्ये 27.92 कोटी), म्हणजे उद्याचा डॉलर हलका. मग सत्ताविशी ओलांडलेल्या खेळाडूचा भार पहिल्या दोन वर्षांतच उचलावा की पुढे ढकलावा, आणि हे ठरवताना तुम्ही नेमकं काय तपासता?