अरुण खेत्रपाल तुमच्यापर्यंत कसे पोहोचले? (अनुभव धागा)

भाचा खडकवासल्याला एनडीएत गेला. पहिल्याच सुट्टीत जेवताना म्हणाला, "मामा, आमचं परेड ग्राउंड खेत्रपालांच्या नावाचं आहे. पुण्यातच जन्मलेले ना ते?" मी म्हटलं, "हो, परमवीर चक्र. एकाहत्तरचं युद्ध." आणि आमटी वाढून घेतली. पुढे सांगायला माझ्याकडे काही नव्हतंच. जन्म पुण्यात काढून ही गत.

रात्री बसून तारखा काढल्या. जन्म १४ ऑक्टोबर १९५०. कमिशन १३ जून १९७१. शकरगढ भागात बसंतर नदीच्या लढाईत मृत्यू, १६ डिसेंबर १९७१. म्हणजे अधिकारी म्हणून मिळाले सहा महिने आणि तीन दिवस.

म्हणून हा धागा. 'विनम्र अभिवादन' नको, हात जोडलेल्या इमोजीही नकोत. हा मुलगा तुम्हाला कुठे भेटला ते लिहा. तुमच्या घरातलं कोणी असंच गेलं असेल तर तेही लिहा.

*

कॅडेटची आई, नाशिक

लेकाच्या पासिंग आउट परेडला गेलो होतो. सकाळीच ऊन तापलेलं. ह्यांनी ग्राउंडचं नाव वाचून दाखवलं, तर मी म्हटलं, ते राहू दे, आधी तो कुठल्या रांगेत आहे ते बघा. परेड संपली आणि तो धावत आला. चेहरा काळा ठिक्कर, आणि हनुवटीखाली टोपीच्या पट्ट्याची तेवढी पांढरी रेघ. मी त्या रेघेवरूनच बोट फिरवत राहिले, तो आपला "आई, सगळे बघतायत" करतोय.

घरी आल्यावर खेत्रपालांबद्दल वाचलं. सर्वांत तरुण परमवीर, वय २१. आमच्याही त्याला नुकतंच एकविसावं लागलं होतं. परेडचे फोटो फोनमध्येच आहेत अजून, एकही छापून आणलेला नाही.

*

वाचक, ठाणे

छोटी दुरुस्ती. सर्वांत तरुण ते तेव्हा होते. १९९९ साली कारगिलमध्ये योगेंद्रसिंह यादव यांना परमवीर चक्र मिळालं, त्यांचं वय १९. यादव जिवंत परतले, हे बरं झालं.

*

निवृत्त, रणगाडा दुरुस्ती, नगर

माझी हयात रणगाड्यांखाली गेली, म्हणून थोडं लांबण लावतो. खेत्रपाल नगरला यंग ऑफिसर्स कोर्सला होते. युद्धाची चिन्हं दिसली तसा कोर्स अर्धवट सोडून ते आपल्या १७ पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये गेले. त्यांचा रणगाडा सेंच्युरियन, नाव 'फामागुस्ता'. समोरून आले ते पाकिस्तानचे पॅटन रणगाडे. हे उलटं लिहिलेलं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय.

'जळता रणगाडा सोडला नाही' असं लोक पटकन म्हणून जातात. आत एकदा बसून बघा. टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, तिघं, पुढे खाली ड्रायव्हर. कमांडरच्या गुडघ्यांपुढे गनरची पाठ. कोपर हलवलं की कुठंतरी लोखंड लागणार, आणि हाताच्या अंतरावर तोफगोळे. आग लागली की पहिली भीती त्या गोळ्यांचीच.

वरिष्ठांकडून बाहेर पडायचा हुकूम आला, तेव्हा ते वायरलेसवर बोलले की रणगाडा सोडणार नाही, माझी तोफ अजून चालू आहे. भाषणात पहिलं वाक्य घेतात. माझ्या कानाला दुसरं लागतं. ती गर्जना नाही, तो रिपोर्ट आहे. इंजिन चालू, तोफ चालू, असा आम्ही रोज सकाळी द्यायचो.

आणि त्या गाडीत ते एकटे नव्हते. ड्रायव्हर प्रयाग सिंग, गनर नथू सिंग, रेडिओवर नंद सिंग. नंद सिंगही त्याच दिवशी गेले. त्यांच्या नावाचा धागा कोण काढणार?

*

सातारा जिल्हा

पदक वगैरे नाही, पण आमचा मावसभाऊ गेला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. काळी ट्रंक घरी आली, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. मावशी उघडेचना. तेराव्यानंतर मीच उघडली. कपडे, दाढीचं सामान, पासबुक, आणि वहीचं एक पान. बहिणीच्या लग्नाची यादी होती. 'कुकर ५ लि., टेबल फॅन, पातेली (तांब्याची की स्टीलची, आईला विचारणे).' कुकरपुढे कँटीनची किंमत लिहून खाली दोन रेघा मारलेल्या.

लग्न दीड वर्षानं झालं. मावशीनं यादीतलं सगळं घेतलं. पातेल्यांपाशी अडली आणि दुकानातच मला म्हणाली, "त्यानं विचारलंच नाही की रे."

*

निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर

मला अरुणपेक्षा त्यांचे वडील जास्त आठवतात. ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल. २००१ साली, ८१व्या वर्षी, फाळणीआधीचं आपलं सरगोधा बघायला ते पाकिस्तानात गेले. लाहोरला ब्रिगेडियर ख्वाजा महंमद नासेर यांच्याकडे उतरले. पाहुणचार उत्तम झाला. निघायच्या आदल्या रात्री यजमानांनीच सांगितलं, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा कोणी ओतला असेल, एवढंच माझ्या मनात येतं.

*

वाचक, ठाणे

मी त्यांच्या जागी असतो तर त्याच रात्री बॅग उचलली असती.

*

निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर

तुम्ही एक्याऐंशीचे व्हा, मग बोलू.

*

धागाकर्ता, पुणे

रविवारी भाच्याचा फोन आला, त्याला हे सगळं वाचून दाखवलं. शिवाय एक गोष्ट माझ्याकडची. आघाडीवर निघताना खेत्रपालांनी सामानात गोल्फच्या स्टिक घेतल्या होत्या आणि समारंभाचा निळा पोशाख. का, तर लाहोरला गोल्फ खेळायचाय आणि जिंकल्यावर पार्टी होईलच.

भाचा मोठ्यानं हसला. म्हणाला, "मामा, मी पण बॅडमिंटनची रॅकेट आणलीय इकडे. अजून कव्हरमधून निघालेली नाही."